सातबाऱ्यावर बहिणींची नावे आणि साक्षीदारांविना लिहिलेले मृत्युपत्र

प्रश्न : आम्ही यावल तालुक्यातील शेतकरी. गेल्या भाद्रपदात वडील वारले. त्यांच्या नावावर सहा एकर बागायत आहे. त्यांपैकी चार एकर वडिलोपार्जित असून दोन एकर त्यांनी केळीच्या उत्पन्नातून विकत घेतली. मागे आई, आम्ही दोघे भाऊ आणि दोन विवाहित बहिणी आहोत. आजी हयात नाही. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर वडिलांनी स्वहस्ते ‘सर्व जमीन दोन्ही मुलांना’ असे लिहून सही केली आहे, मात्र साक्षीदार कोणी नाही. बँकेतील ठेवीवर थोरल्या भावाचे नॉमिनेशन आहे. बहिणींची लग्ने थाटात झाली, तेव्हा आता त्यांच्या सह्या घेऊन नावे वगळावीत, असे भाऊ म्हणतो. काय करावे?
— एक वाचक

उत्तर : आपल्या वडिलांचा कागद मृत्युपत्र म्हणून टिकणार नाही. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात आणि त्या प्रत्येकाने मृत्युपत्रकर्त्याला सही करताना पाहिलेले असावे लागते किंवा ही सही आपली आहे, असे मृत्युपत्रकर्त्याने त्या साक्षीदाराजवळ मान्य केलेले असावे लागते. मजकूर स्वहस्ताक्षरात असल्याने ही उणीव भरून निघत नाही. स्टॅम्पपेपरचाही येथे उपयोग नाही, कारण मृत्युपत्राला मुद्रांक लागतच नाही. साध्या कोऱ्या कागदावर दोन साक्षीदारांसमक्ष लिहिले असते, तरी ते चालले असते. वडिलांची इच्छा स्पष्ट असताना केवळ दोन सह्यांअभावी ती निष्फळ ठरावी, याचे मला वाईट वाटते.

मृत्युपत्र नाही, म्हणजे वाटणी हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे होईल. वडिलांनी स्वतः घेतलेल्या दोन एकरांत आई आणि चारही अपत्ये यांना समान, म्हणजे प्रत्येकी एक पंचमांश हिस्सा मिळतो. वडिलोपार्जित चार एकरांचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मुलासारखीच जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेची हिस्सेदार, ठरली, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे त्यासाठी आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. वडिलांच्या मृत्यूच्या लगेच आधी वाटणी झाली, असे कायदा गृहीत धरतो. त्या काल्पनिक वाटणीत वडील, आई आणि चार अपत्ये असे सहा समान हिस्से पडतात. आईचा हिस्सा त्यात धरायचा, हे १९७८ च्या गुरुपाद मगदूम निकालाने ठरलेले आहे. त्यानंतर वडिलांचा सहावा हिस्सा उरलेल्या पाच जणांत विभागला की प्रत्येकाच्या वाट्याला एक षष्ठांश अधिक एक तिसांश, म्हणजे पुन्हा एक पंचमांशच येतो. जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, हा वाद म्हणूनच आपल्या घरात घालण्याचे कारण नाही: सहा एकरांतून प्रत्येकाला ४८ गुंठे मिळतात. लग्नात झालेला खर्च कायदा या हिश्श्यातून वजा करत नाही.

नॉमिनेशनमुळे ठेव आपलीच झाली, असा भावाचा समज असल्यास तो चुकीचा आहे. नॉमिनी बँकेकडून रक्कम घेऊ शकतो आणि त्याला पैसे देऊन बँक मोकळी होते. परंतु तो मालक होत नाही, ती रक्कम त्याने वारसांच्या वतीने सांभाळायची असते.

प्रथम पाचही जणांची नावे वारस म्हणून लावून घ्या. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्याकडे द्यावा. चौकशीनंतर फेरफार मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. जमीन महसूल संहितेनुसार ही खबर तीन महिन्यांत द्यायची असते, त्यामुळे आधीच उशीर झाला असल्यास तो वाढवू नका. मात्र सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. नाव वगळल्याने बहिणींचा हक्क नष्ट होत नाही. तो केवळ पुढे दिवाणी दाव्याच्या रूपाने आपल्या बांधावर परत येतो.

बहिणींना हक्क सोडायचा असेल, तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्रच हवे. तहसीलमध्ये कोऱ्या कागदावर घेतलेल्या सह्या उद्या अंगाशी येतील. आपण धाकटे भाऊ आहात, म्हणून आग्रहाने सांगतो: बहिणींना हिस्सा किती येतो, हे आकड्यांत सांगा आणि त्यांना स्वतःच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्या. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो.

वडिलांच्या नावे विकास सोसायटीचे पीककर्ज थकीत असल्यास वारसांची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच राहते. विहीर, वीजजोडणी, ठिबक आणि उभी बाग यांचा वापर कोणी कसा करायचा, हे मात्र वाटणीपत्रातच लिहून घ्या. आपल्या भागातील भाऊबंदकीची निम्मी प्रकरणे पाण्याच्या पाळीवरूनच उद्भवताना मी पाहिली आहेत.

आईच्या ४८ गुंठ्यांची ती पूर्ण मालक असेल. तिचे मृत्युपत्र करायचे झाल्यास, ज्यांना त्यात काही मिळणार नाही असे दोन साक्षीदार निवडा आणि तिच्या प्रकृतीविषयी डॉक्टरांचा त्या दिवशीचा दाखला सोबत जोडा.