वजनाच्या रकान्यातला शेवटचा आकडा का खोडता येत नाही?

तुमच्या तक्रारी तीन आहेत. कांद्याच्या पावतीत वजनाच्या रकान्यातला शेवटचा आकडा बॅकस्पेसने जात नाही, पॉइंट उमटत नाही, आणि चुकीच्या अक्षरावर एकदा मेसेज येऊन गेला की पुढे रकाना काहीही घेतो. तिन्हींचं मूळ त्या तपासणीच्या फंक्शनमध्येच आहे.

टीकिंटरला (पायथनमध्ये खिडक्या आणि रकाने बनवायचं साधन) रकान्याच्या 'व्हॅलिडेट' या पर्यायात 'की' सांगितलं की प्रत्येक बदलाआधी तो तुमच्या फंक्शनला विचारतो. टक्का आणि कॅपिटल पी दिलंत, की बदलानंतर रकान्यात जे दिसेल तो अख्खा मजकूर हाती येतो. रकान्यात नुसता १ आहे आणि तुम्ही बॅकस्पेस दाबलंत, तर येणारा मजकूर असतो रिकामा. तुमच्या फंक्शनमधलं 'इज-डिजिट' मजकुरात फक्त आकडेच आहेत का ते बघतं. रिकाम्या मजकुरावर ते फॉल्स, म्हणजे 'नाही', असं उत्तर देतं, म्हणून टीकिंटर खोडूच देत नाही. पॉइंटचंही तेच.

तिसरी गोष्ट जास्त फसवी. तपासणी चालू असताना तुम्ही त्याच रकान्यातला मजकूर डिलीट करताय. असं केलं की टीकिंटर 'व्हॅलिडेट' स्वतःच 'नन' करून टाकतो, म्हणजे तपासणीच बंद करतो, काही न सांगता. फंक्शनच्या एखाद्या वाटेवर ट्रू किंवा फॉल्स परत द्यायचं राहिलं तरी तपासणी अशीच बंद पडते. त्या फंक्शनने फक्त उत्तर द्यावं, रकान्याला हात लावू नये.

आता मुद्द्याचं. अर्धवट लिहिलेलं म्हणजे चुकीचं नव्हे. भाव १०० च्या खाली नको ही अट 'की'वर लावलीत, तर १८५० मधला पहिला १ सुद्धा उमटणार नाही. क्यूटी या टीकिंटरसारख्याच दुसऱ्या साधनाच्या व्हॅलिडेटरमध्ये 'चालेल' आणि 'चालणार नाही' यांच्या मधे 'अजून पुरं नाही' अशी तिसरी अवस्था दिलेलीच आहे. टीकिंटरमध्ये ती नाही, ती आपण सांभाळायची. 'की'वर फक्त कधीच बरोबर ठरू शकणार नाही ते अडवा. वजनासाठी: जास्तीत जास्त तीन आकडे, एक पॉइंट, पुढे दोन आकडे, आणि रिकामा रकाना चालतो. बाकी सगळं 'जतन करा' दाबल्यावर तपासा.

'फोकस-आउट'वर, म्हणजे कर्सर रकान्यातून बाहेर पडताना, मेसेजबॉक्स तर टाळाच. पिंपळगाव बसवंतला एका आडतीवर मी तसं करून दिलं होतं. बाहेर ट्रॅक्टरची रांग, दिवाणजींची नजर काटापावतीवर, तोंडाने 'पावणेएकोणीस' म्हणत हात १८.७५ मारतोय. चुकून उघडलेली पावती त्यांना रद्द करायची होती. 'रद्द'वर क्लिक केलं की आधी 'वजन भरा' हा मेसेज, मग कर्सर परत रकान्यात. खिडकी बंदच होईना. शेवटी त्यांनी वजन १ टाकून पावती जतन केली, आणि संध्याकाळी हिशेब जुळेना. ती खोटी पावती माझ्या कोडने लिहून घेतली होती. तेव्हापासून मी रकान्याखाली लाल अक्षरात एक ओळ दाखवतो: 'वजन क्विंटलमध्ये लिहा, उदा. १८.७५'. टायपिंग थांबत नाही.

कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर? पायथनचं 'इज-डिजिट' मराठी आकडेही मानतं आणि 'इंट' त्यांचा नीट पूर्णांक करतं. वजनाला काही अडचण नाही. पण मोबाइल नंबर आपण मजकूर म्हणून ठेवतो. एकदा मराठी आकड्यांत आणि एकदा इंग्रजी आकड्यांत भरला गेला, तर एकाच शेतकऱ्याची दोन खाती तयार होतात. साठवण्याआधी सगळे आकडे एका लिपीत आणा. वजन आणि रक्कम 'फ्लोट'मध्ये नको, त्यात अपूर्णांक अंदाजे साठतात; 'डेसिमल'मध्ये ठेवा.

आणि कमाल मर्यादा ओलांडली तर अडवण्यापेक्षा विचारा. कुणी किलोत विचार करून १८७.५० असं काही भरलं, तर 'एका ट्रॉलीत १८७.५० क्विंटल, बरोबर आहे का?' एवढं पुरे.

बदल केल्यावर आधी १८.७५ पेस्ट करून बघा, मग तोच मागे एक स्पेस ठेवून पेस्ट करा. दुसऱ्या वेळी काहीच उमटणार नाही, कारण टीकिंटर पेस्ट केलेला मजकूर अख्खा नाकारतो. तिथे कडेच्या स्पेस चालवून घ्या आणि जतन करताना छाटा. मग नवं फंक्शन इथे टाका, भावाच्या रकान्याचंही बघू.