नव्या सरपंचांना पर्यावरणाचं प्रशिक्षण कुठे मिळतं? त्याचा उपयोग होतो का?

मिळतं. राष्ट्रीय ग्राम स्वराज अभियानाखाली लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण दिलं जातं. राज्यातली मुख्य संस्था पुण्याची यशदा. तुमच्या पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यांकडे पुढच्या वर्गाची चौकशी करा.

उपयोग मात्र काय शिकवतात त्यावर ठरतो. नुसती भाषणं ऐकून काही होत नाही. माझं मत विचाराल तर अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला जा आणि पाण्याचा ताळेबंद कसा मांडतात ते शिका. गावात पर्जन्यमापक आहे. पाऊस किती पडला यावरून गावाच्या वाट्याला किती पाणी आलं याचा हिशेब होतो. त्यातून आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढतात, आणि उरलेल्यावर कोणती पिकं घ्यायची हे ग्रामसभेत ठरतं. शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे. पोपटराव पवारांनी सरपंच म्हणून हे घडवलं.

दुसरं म्हणजे पैसा. 15व्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायतींसाठीच्या अनुदानातला 60 टक्के भाग 2021-26 या काळात पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेला होता. अंदाजपत्रक वाचता येत नसेल तर सौर पंप काय किंवा सांडपाण्याचा प्रकल्प काय, सगळं ठेकेदार सांगेल तसंच होतं. म्हणून वर्गाला ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही (पूर्वीचे ग्रामसेवक) सोबत न्या.