‘रिजनरेटिव्ह’ आणि आपला बेवड

जालन्याकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे काम पाहणाऱ्या वाचकाने विचारले आहे : “आमचे सोयाबीन घेणाऱ्या कंपनीने एक कागद पाठवला. त्याचे मराठी करून सभासदांना वाचून दाखवायचे होते. ‘रिस्पॉन्सिबल इन्व्हेस्टिंग’ला मी ‘जबाबदार गुंतवणूक’ लिहिले आणि ‘रिजनरेटिव्ह’ला ‘पुनरुत्पादक’. सभेत मागच्या रांगेत हशा पिकला. काय चुकले?”

मागची रांग बरोबर हसली. पुनरुत्पादन म्हटले की मराठी माणसाला शाळेतला जीवशास्त्राचा तो धडा आठवतो, जो गुरुजी घरी वाचून या म्हणायचे. ‘पुनरुत्पादक व्यवसाय’ ऐकून लोकांच्या मनात काय आले असेल ते मी लिहीत नाही.

आधी ‘जबाबदार’कडे वळू. मला स्वतःला ‘जबाबदार गुंतवणूक’ खटकायची. आपण ‘अपघाताला जबाबदार कोण’ म्हणतो, म्हणजे दोषी कोण. त्या चालीने ‘जबाबदार गुंतवणूक’ म्हणजे जिच्यामुळे घर बुडाले ती, असेच वाटते. पण जबाबदार म्हणजे मुळात जबाब देणारा. पोलीस ‘जबाब नोंदवतात’ तोच हा जबाब. ‘उत्तरदायी’ची घडणही हीच, आणि इंग्रजी शब्दाच्या पोटातही उत्तर देणेच आहे.

शिवाय मराठवाड्याला हा शब्द संस्थेला लावायची जुनी सवय आहे. निजामाच्या राजवटीत ‘जबाबदार राज्यपद्धती’ ही मागणी होती. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसने सत्याग्रह केला, त्याच्या मुळाशी ती होतीच. त्या मागणीत जबाबदार म्हणजे दोषी नव्हे, तर रयतेला जाब देणारे राज्य. आजोबांच्या पिढीला ही शब्दयोजना कळत होती; मग गुंतवणुकीलाच का कळू नये? तेव्हा तो शब्द राहू द्या. फक्त कोणाला जबाबदार, ते वाक्यात येऊ द्या. ‘जबाबदार राज्यपद्धती’त ते गृहीत होते, सगळ्यांना माहीत होते. गुंतवणुकीत ते कुणालाच माहीत नसते. ‘माती, पाणी आणि मजूर यांचा जाब देणारी गुंतवणूक’ असे एकदा लिहिले की पुढे ‘जबाबदार गुंतवणूक’ खुशाल वापरा.

हे शब्द तुमच्या गोदामापर्यंत पोचले कसे, तेही सांगतो. शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना त्या बाजाराची नियामक संस्था सेबी हिने २०२२-२३ पासून जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल सक्तीचा केला आहे. कंपनीला वर जाब द्यायचा, म्हणून ती खाली तुम्हाला कागद पाठवते.

‘शाश्वत’विषयी फार लिहीत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाच्या १९८७ च्या अहवालानंतर ‘शाश्वत विकास’ रुळला. गीतेत आत्म्याला लावलेले विशेषण आपण धोरणाला लावले, एवढीच माझी तक्रार. सावकारी भाषेत त्याचा अर्थ सोपा आहे : व्याज खा, मुद्दलाला हात लावू नका.

‘रिजनरेटिव्ह’चे म्हणणे याच्या पुढचे आहे. अमेरिकेत सेंद्रिय शेतीचे प्रचारक रॉबर्ट रोडेल यांनी १९८० च्या दशकात हा शब्द शेतीसाठी प्रचारात आणला. मुद्दल नुसते जपायचे नाही, पीक घेता घेता त्यात भर पडली पाहिजे. आता व्यवसायांनाही हीच अट लावू पाहतात. यासाठी मराठी शब्द शोधताना मी बरेच चाळले. ‘पुनर्जनन’ पालीच्या शेपटीचे. ‘पुनर्निर्माण’ पडलेल्या घराचे. किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्याकडे त्या शब्दाला वेगळाच भार आला आहे. ‘संजीवक’ मला फार आवडला होता, कृषी संजीवनी प्रकल्पामुळे कानाला ओळखीचाही आहे. पण कृषी सेवा केंद्रात ‘संजीवक द्या’ म्हणालात तर दुकानदार पिकाची वाढ करणाऱ्या औषधाची बाटली पुढे सरकवतो. ‘पुनर्भरण’ विहिरीमुळे सगळ्यांना कळतो, पण त्यात उपसले तेवढे परत भरणे आहे, भर घालणे नाही.

आणि मग आठवला बेवड. (शेवटी काना नाही. तो लागला की मागची रांग पुन्हा हसेल.) आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण म्हणजे बेवड, काही भागांत बिवडही म्हणतात. हरभऱ्याचा बेवड चांगला, कारण त्याच्या मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. तुरीचा चांगला, कारण नत्र तर आहेच, वर पाला गळून रानात कुजतो. ज्वारीच्या धसकटाचा पुढच्या पिकाला त्रास. ते कुजवता कुजवता जमिनीतला नत्र अडकून पडतो. म्हणून कुणी रान बटईने घ्यायला आला की आधी विचारतो : बेवड कशाचा आहे?

या शब्दाची गंमत ही की तो स्वतः कौतुकही करत नाही आणि निंदाही. बेवड चांगला असतो, वाईट असतो, पण असतोच. इंग्रजी ‘रिजनरेटिव्ह’मध्ये कौतुक आधीच भरलेले आहे, त्यामुळे कुणीही तो पिशवीवर छापतो. ‘बेवड’ म्हटले की प्रश्न आपोआप येतो. उसाने या भागात काय बेवड ठेवला? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हा दोष एकट्या उसाचा नव्हता, पाऊसही रुसला होता, पण उसाचे नाव प्रत्येक चर्चेत निघत होते.

अडचण एकच. ‘बेवड’चे विशेषण नीट होत नाही. ‘बेवडी व्यवसाय’ लिहू नका, कृपा करून. मथळ्यात, तक्त्यात जिथे एकच शब्द बसतो तिथे ‘पुनरुज्जीवक’ लिहा. बंद पडलेल्या सूतगिरणीची त्याला थोडी हवा लागते, पण चालवून घेता येईल. पहिल्यांदा येईल तिथे मात्र फोड करा. तुमच्या कागदातले पहिले वाक्य मी असे करीन : ‘आमच्या गुंतवणूकदारांना आता नफ्याबरोबर माती-पाण्याचाही जाब द्यावा लागतो, म्हणून आम्ही पुनरुज्जीवक, म्हणजे चांगला बेवड मागे ठेवणाऱ्या, पद्धतीने पिकवलेले सोयाबीन घेऊ.’

हे वाचल्यावर मागच्या रांगेतून भाव किती जास्त देणार, असे कुणी विचारील. त्याचा जबाब कंपनीकडून लेखी घेऊन ठेवा.