जावा २५०: सायलेन्सर बाहेरून नाही, आतून बघून घ्या

तुमच्या १९६८ च्या जावाचे गंजलेले सायलेन्सर काढून तुम्ही बाजारातले नवे चकचकीत बसवलेत, तेव्हापासून गाडी चढावर ओढत नाही, आवाज फाटका येतो आणि मेकॅनिक कार्बोरेटर बदला म्हणतोय. कार्बोरेटरला इतक्यात हात लावू नका. सायलेन्सरच्या शेपटाचा नट सोडा आणि आतलं बॅफल, म्हणजे आवाज दाबणारी भोकांची नळी, ओढून बघा. बाजारातल्या बऱ्याच मालात तिथे नुसती एक आखूड नळी असते, काहींत तीही नसते.

जावासारख्या टू-स्ट्रोक गाडीला सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग आहे. ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरत असताना एक्झॉस्टचं पोर्ट, म्हणजे धूर बाहेर जायचं तोंड, उघडंच असतं. जळालेल्या वायूच्या दाबाची लाट सायलेन्सरमधून उलटून येते आणि निसटू पाहणारं मिश्रण परत आत ढकलते. सायलेन्सरची लांबी, पोटातली जागा, बॅफलची भोकं यांतलं काही बदललं की हा मेळ बिघडतो. पेट्रोल धुराबरोबर जातं आणि खालच्या वेगात दम राहत नाही.

त्यात जावाचं सिलिंडर एक आणि पोर्ट दोन. म्हणून दोन्ही सायलेन्सर आतून सारखेच हवेत. गाडी चालू करून दोन्ही शेपटांमागे, जरा अंतर ठेवून, तळहात धरा. एका बाजूचा झोत मऊ लागला तर तिथे कार्बन तुंबलाय किंवा बॅफल वेगळं आहे.

जुने सायलेन्सर कृपा करून भंगारात घालू नका. म्हैसूरच्या कारखान्यातला तो अस्सल माल आहे आणि कारखाना १९९६ मध्येच बंद पडला. पत्रा कुजला असला तरी बॅफल बऱ्याचदा शाबूत असतं. तेवढं स्वच्छ करून नमुना म्हणून वापरा. पत्र्याला ठिगळ लावून पुन्हा क्रोम करता येतं, पण प्लेटिंगवाल्याकडे देण्याआधी आतलं तेल आणि कार्बन पूर्ण जाळून काढा. तेल राहिलं तर ते सांध्यातून पाझरतं आणि तिथे क्रोम धरत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात जोडी मिळाली तरी आधी बॅफल बघा, मग भाव करा.

बसवताना सगळं आधी सैल लावा. पोर्टवर नवी गॅस्केट, मग नळी सिलिंडरला धरणारा खाचांचा रिंग नट हुक पान्यानेच आवळा. छिन्नी-हातोडीने त्याच्या खाचा जातात आणि सिलिंडरचे आटेही. त्यानंतर नळी आणि सायलेन्सरमधला क्लॅम्प, सगळ्यात शेवटी मागचा ब्रॅकेट. ब्रॅकेटचं भोक जुळत नसेल तर सायलेन्सर ताणून बोल्ट घालू नका, मध्ये वॉशर भरा. ताणून बसवलेला पत्रा थरथरीने ब्रॅकेटपाशीच तडकतो.

एक चक्कर मारून आणा, इंजिन थंड झालं की रिंग नट पुन्हा आवळा. मधल्या काळात कुणी कार्बोरेटरमधलं मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड) बदललं असेल तर मूळ मापाचं परत घाला, आणि मगच कार्बोरेटरचं ट्यूनिंग करा.