एसीच्या कॉम्प्रेसरची वाइंडिंग खरंच जळाली आहे का, हे मीटर लावून कसं ओळखायचं?

तुमचा दीड टनाचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला स्प्लिट एसी भर दुपारी चालता चालता थंड करेनासा झाला. मेकॅनिकने लगेच मीटर लावून ‘वाइंडिंग ओपन आहे, कॉम्प्रेसर गेला’ असं सांगितलं, म्हणजे आतल्या मोटारीची तारेची गुंडाळी कुठेतरी तुटली आहे. मी १९ वर्षं हेच काम करतोय, म्हणून आधी विचारतो: त्याने मीटर लावला तेव्हा कॉम्प्रेसर तापलेला होता का?

कॉम्प्रेसरच्या दोन वाइंडिंग असतात, मोटार सुरू करून देणारी स्टार्टिंग आणि चालू ठेवणारी रनिंग; दोघींची सामाईक वायर म्हणजे कॉमन. बऱ्याच कॉम्प्रेसरमध्ये वाइंडिंगलगतच एक ओव्हरलोड, म्हणजे जपणारा आपोआप स्विच, बसवलेला असतो. तापमान किंवा करंट जास्त झाला की तो कॉमनची लाइन तोडतो. अशा वेळी कॉमनकडून दोन्ही रीडिंग ओपन येतात, पण स्टार्टिंग आणि रनिंगमध्ये मात्र रीडिंग मिळतं. हे दिसलं तर वाइंडिंग जळाली असं लगेच म्हणू नका, बहुधा ओव्हरलोड उघडलेला असतो. तो जोडला जायला दोन-तीन तास लागू शकतात, उन्हातल्या गच्चीवर त्याहूनही जास्त.

धंद्यात नवा असताना नाशिकला मे महिन्यात मी नेमकी हीच चूक केली. एका निवृत्त शिक्षकांच्या गच्चीवरचा आउटडोअर होता, डब्यावर हात ठेववत नव्हता. कॉमन ओपन दिसला आणि मी गॅस सोडून कॉम्प्रेसर कापून दुकानात आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादांनी त्याच कॉम्प्रेसरला मीटर लावला तर तिन्ही रीडिंग व्यवस्थित! पंख्याचा कपॅसिटर (मोटारीला सुरू व्हायला मदत करणारा, चार्ज साठवणारा डबा) गेला होता, पंखा फिरत नव्हता, म्हणून कॉम्प्रेसर तापून बंद पडत होता. तोच कॉम्प्रेसर परत बसवला, नवा गॅस भरला, खर्च दुकानाने सोसला. सरांनी आम्हाला चहा-पाणी विचारायचं काही सोडलं नाही, पण त्या दिवसापासून गरम कॉम्प्रेसरवर मी निकाल देत नाही.

आता तपासणी. एमसीबी पाडा, टेस्टरने लाइन नाही याची खात्री करा. कपॅसिटरमध्ये लाइन बंद झाल्यावरही चार्ज राहतो. तो स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट न करता होल्डरमधल्या साध्या बल्बच्या दोन वायरी लावून उतरवा. मग कॉम्प्रेसरकडून येणाऱ्या तिन्ही वायरी कपॅसिटर आणि कनेक्टरच्या बाजूने सोडवून तिथेच मोजा. टर्मिनलचं झाकण उघडायची वेळ शक्यतो आणू नका. खराब झालेली पिन काचेच्या सीलमधून उडते आणि दाबाखालचा गॅस-तेल बाहेर येऊन पेटूही शकतं. झाकण काढून चालू करून बघणं तर कधीच नाही.

मीटर सर्वांत खालच्या ओहम रेंजवर ठेवा. बीपवर भरवसा नको, कारण चांगली वाइंडिंगही बीप देते आणि शॉर्ट झालेलीही. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून जे ०.२-०.३ दिसेल ते प्रत्येक रीडिंगमधून वजा करा. तीन वायरींच्या तीन जोड्या होतात. ज्या जोडीत सर्वांत मोठा आकडा येईल, त्यातली नसलेली तिसरी वायर म्हणजे कॉमन. कॉमनपासून कमी ओहम ती रनिंग, जास्त ती स्टार्टिंग. उदाहरणार्थ कॉमन-रनिंग १.८, कॉमन-स्टार्टिंग २.९ आलं तर रनिंग-स्टार्टिंग ४.७ च्या आसपास यायला हवं. लहान दोघांची बेरीज मोठ्याइतकी आली की वाइंडिंग सलग आहे. आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, बेरीज बदलत नाही. थंड कॉम्प्रेसरवरही रनिंग-स्टार्टिंगच ओपन असेल तर मात्र वाइंडिंग तुटली आहे.

बॉडी शॉर्ट, म्हणजे वाइंडिंग कॉम्प्रेसरच्या लोखंडी डब्याला टेकली आहे का, ते वेगळं बघायचं. तांब्याच्या पाइपवर थोडा रंग खरवडून एक प्रोब तिथे धरा, दुसरा एकेका वायरीला लावा, मीटर मोठ्या रेंजवर. काही ओहम किंवा किलोओहम दिसले तर कॉम्प्रेसर खरंच गेला. काहीच दिसलं नाही तरी पूर्ण निश्चिंत होऊ नका, मीटरच्या छोट्या बॅटरीला कमकुवत इन्सुलेशन पकडता येत नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर, लागतो, तो मेकॅनिककडून लावून घ्या. सिस्टिम व्हॅक्यूमवर, म्हणजे आतली हवा-गॅस पंपाने ओढून काढलेली, असताना मेगर लावायचा नाही, आतच स्पार्क होऊन चांगली वाइंडिंग खराब होते.

वाइंडिंग बरोबर निघाली तर कपॅसिटर बघा. त्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा बराच कमी आला तर कॉम्प्रेसर गुरगुरतो, सुरू होत नाही आणि ओव्हरलोड उघडून बंद पडतो. नवा कपॅसिटर लावूनही क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर) नेहमीच्या कित्येक पट करंट दिसला, तर कॉम्प्रेसर आतून जाम आहे. वाइंडिंग चांगली असून त्याचा उपयोग नाही.

वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे इन्व्हर्टर एसी असेल तर हे बेरजेचं गणित तिथे लावू नका. त्याच्या तिन्ही जोड्यांत सारखेच ओहम येतात, आणि लाइन बंद करूनही पीसीबीवर (आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर) बराच वेळ ३०० व्होल्टच्या वर डीसी राहू शकतो, म्हणून तो घरी उघडू नका.

तुमचा एसी आज रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी ऊन यायच्या आत मोजा. तिन्ही जोड्यांचे ओहम, बॉडीचं रीडिंग आणि कपॅसिटरवर छापलेला आकडा इथे लिहा, मी बघून सांगतो.