रिपोर्टात ‘ओ’ गट आहे, तुमच्या भावाचा गुन्हा नाही

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला खुनाच्या खटल्यात सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. प्रत्यक्ष पाहणारा कोणी नाही. घरातून जप्त केलेल्या त्याच्या शर्टावर आणि विळ्यावर ‘ओ’ गटाचं मानवी रक्त सापडलं, मयताचा गटही ‘ओ’ होता, मुख्यतः त्यावरच शिक्षा झाली. सोयाबीन सोंगताना डाव्या तळहाताला विळा लागला, रक्त माझंच आहे, असं भाऊ पहिल्या दिवसापासून सांगतोय. त्याचाही गट ‘ओ’च आहे. ‘सरकारी लॅबच्या रिपोर्टपुढे काही चालत नाही,’ असं वकील म्हणाले. नागपूर खंडपीठात अपील करून उपयोग होईल का? – एक बहीण, वाशिम जिल्हा

ताई, तुम्ही पाठवलेलं निकालपत्र, जप्ती पंचनामा आणि सी.ए. रिपोर्टची (सरकारी लॅबच्या रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाची) झेरॉक्स मी दोनदा वाचली. अपील जरूर करा. ‘काही चालत नाही’ हे मला मुळीच मान्य नाही.

त्या रिपोर्टात लॅबने एवढंच लिहिलंय की रक्त माणसाचं आहे आणि गट ‘ओ’ आहे. कोणाचं आहे, हे लिहिलेलं नाही आणि गटावरून ते लिहिताही येत नाही. आपल्याकडे दहा माणसं उभी केली तर तीनेक जण ‘ओ’ गटाचे निघतील. रिपोर्ट खोटा आहे असं मी म्हणत नाही. जे रिपोर्ट सांगत नाही, ते निकालाने त्याच्या तोंडी घातलं, ही खरी चूक आहे. जून २०२५ मध्ये राजस्थानातल्या एका खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच म्हटलं : हत्यारावर मयताच्या गटाचं रक्त मिळालं, तरी तेवढ्यावर खून सिद्ध होत नाही. तिथली सुटका कायम राहिली.

आता पंचनामा काढून समोर ठेवा. शर्ट आणि विळा ‘कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून ताब्यात घेतले’ असं त्यात आहे. लाखेच्या शिक्क्याचा उल्लेख कुठेच नाही. आणि लॅबचा रिपोर्ट म्हणतो, पाकिटं सीलबंद, सील शाबूत. मग ते सील लागलं कधी आणि कुठे? जप्तीपासून लॅबच्या पोचपर्यंत १९ दिवस गेले. ते १९ दिवस मुद्देमाल कोणाच्या ताब्यात होता, हे सांगायला ना मुद्देमाल कारकून साक्षीला आला, ना लॅबला माल घेऊन जाणारा शिपाई. मयताचे कपडेही त्याच पोलीस ठाण्यात, त्याच खोलीत होते. मी कोणावर आरोप करत नाही. पण माल सुरक्षित होता हे सिद्ध करणं सरकार पक्षाचं काम आहे आणि ते झालेलं नाही. ठाणे जिल्ह्यातल्या २०१० च्या एका प्रकरणात तर डीएनए रिपोर्ट असूनही, नमुने उशिरा गेले आणि मधल्या काळातला ताबा सिद्ध झाला नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये फाशी झालेल्या माणसाला सोडलं. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डीएनएचे नमुने ४८ तासांत लॅबला पोचवायचे आणि ताब्याची नोंदवही ठेवायची, असं देशभरासाठी बजावलं. तुमच्या भावाचा तपास त्याआधीचा आहे, त्यामुळे तो आदेश सरळ लागू होणार नाही, पण १९ दिवसांकडे कसं पाहायचं हे त्यातून दाखवता येतं.

तुमच्या वकिलांनी रिपोर्टला ‘हरकत नाही’ म्हटलं, याचा तुम्हाला फार त्रास होतोय हे पत्रातून कळतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ प्रमाणे असा रिपोर्ट तज्ज्ञाला न बोलावताही पुराव्यात येतो. पण पुराव्यात येणं म्हणजे आरोप शाबीत होणं नव्हे. कलम ३१३ खाली भावाचा जबाब घेताना हा रिपोर्ट त्याच्यापुढे ठेवून विचारलं होतं का, हेही नव्या वकिलांना तपासायला सांगा. विचारलं नसेल तर तो अपिलातला चांगला मुद्दा आहे.

सगळ्यात मोलाचा कागद अजून कोणी शोधलेलाच नाही. अटकेनंतर ज्या ग्रामीण रुग्णालयात भावाला नेलं, तिथल्या तपासणीच्या कागदावर डाव्या तळहाताच्या जखमेची नोंद असणार, निदान असायला हवी. ती मिळवा. अपिलात जादा पुरावा घेण्याची तरतूद आहे (जुनं कलम ३९१, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४३२) आणि रक्तगटाचा दाखलाही त्याच अर्जासोबत जोडता येईल.

डीएनए तपासणी मागायची का, यावर मात्र घाई करू नका. आधी वकिलांनी तुरुंगात जाऊन भावाशी एकट्याने, मोकळेपणाने बोलावं. रक्त मयताचं निघालं तर परतीची वाट उरणार नाही. भावाच्या सांगण्यावर विश्वास बसला, तरच अर्ज करा.

निकालाच्या तारखेपासून अपिलाला ६० दिवस मिळतात, नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात, आणि आरोपीला निकालाची नक्कल फुकट मिळते. वकिलाचे पैसे नसतील तर कैद्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तुरुंग अधीक्षकांमार्फत किंवा उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. अपिलासोबतच शिक्षा स्थगितीचा अर्जही द्या.

आणि निकालपत्राचं शेवटचं पान पाहा, ताई. ‘अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल नष्ट करावा’ असं त्यात लिहिलंय. शर्ट आणि विळा जाळले गेले तर पुढे काहीच तपासता येणार नाही. मुद्देमाल जपून ठेवण्याचा अर्ज याच आठवड्यात त्या न्यायालयात द्या आणि अर्जाची पोच शिक्क्यासह स्वतःजवळ ठेवा.