सर्कशीचे फोटो काढायला निघालात? मग एवढं बघा

पहिला खेळ शक्यतो कॅमेरा पिशवीत ठेवूनच बघा. प्रकाशझोत कधी बदलतो, झोक्यावरचा कलाकार झेप घेण्याआधी खांदे कसे सैल सोडतो, हे आधी डोळ्यांना कळलं पाहिजे. पोरासारखा तोंडाचा आ वासला तर वासू द्या. जिथे तुम्ही थक्क झालात, तिथेच दुसऱ्या खेळाला लेन्स लावायची.

फोटोची परवानगी आधीच विचारा. फ्लॅश मात्र पूर्ण बंद, त्यावर चर्चाच नको! हवेतल्या माणसाचे डोळे दिपले तर समोरचं मनगट हुकू शकतं. ऑटोफोकसचा मदतदिवाही (अंधारात फोकस साधायला कॅमेरा पेटवतो तो) बंद करा, तो बहुतेकजण विसरतात.

सेटिंगचं म्हणाल तर सध्या इतकं पुरे:

- शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) जमेल तितकं उघडं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, ३२०० वर न्यायला घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला सहसा नाही.
- काळोख्या पार्श्वभूमीमुळे कॅमेरा फसतो आणि चेहरे पांढरेफटक येतात. एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणा, म्हणजे फोटोतला प्रकाश निम्मा करा.
- झोका टोकाला पोचला की क्षणभर थबकतो. बटण त्याच्या किंचित आधी दाबा.

नवखे हमखास झूम ताणून बसतात. मग हातपाय कापले जातात, उंचीही कळत नाही. खालचं जाळं फ्रेममध्ये येऊ द्या. हाताला पांढरी पूड चोळणारी, पाळीची वाट बघणारी मुलगीही टिपा. टाळ्यांच्या क्षणापेक्षा मला तीच जास्त आवडते.

पॅनिंग (कलाकाराबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घेणं), मंद शटर वगैरे नंतर बोलू.